वाटखर्च आणि त्याची वाटणी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत सहलीचे वर्णन नाही असे एकही वर्ष गेलेले नाही. कुठे सूर्यास्त पाहिला, कुठल्या देवळातले खांब वाजवून पाहिले, कुणाची चप्पल हरवली, परतीच्या वाटेवर भेंड्या कशा रंगल्या, हे सारे आपण हौसेने लिहितो आणि हौसेने वाचतो. परंतु सहल आटोपल्यावर आठ-पंधरा दिवस जिची कुजबुज चालते ती गोष्ट मात्र स्मरणिकेत कधी उतरत नाही. ती गोष्ट म्हणजे पैसा. कुणी किती भरले, खिडकीजवळची जागा कुणाला मिळाली, तळमजल्यावरची खोली कुणाच्या वाट्याला आली आणि कंपनीने दिलेली फुकट जागा कुणी वापरली! मी छत्तीस वर्षे मुलींच्या शाळेत इतिहास शिकविला. त्या सवयीमुळे कुठलेही भांडण पाहिले की, हेच भांडण आपल्याआधी कोण कोण भांडले असेल, असा विचार माझ्या मनात येतो. चिटणीसबाईंनी यंदा लेख मागितला तेव्हा मी हाच विषय घेते म्हणून सांगितले. त्या जरा थबकल्या, पण हो म्हणाल्या.

चारचौघांनी मिळून एखादे काम करावयाचे आणि त्यातला खर्च, लाभ व तोटा वाटून घ्यावयाचा, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांना इतका महत्त्वाचा वाटला की न्यायनिवाड्याच्या विषयांत त्यांनी त्याला स्वतंत्र नाव दिले. ते नाव म्हणजे संभूयसमुत्थान. शब्द उच्चारायला अवघड आहे, पण अर्थ आपल्या रोजच्या व्यवहारातला आहे. एकत्र येऊन व्यापार करणाऱ्यांनी नफातोटा ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे किंवा आधी जसे ठरले असेल त्याप्रमाणे वाटून घ्यावा, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. इतरांनी नको म्हटले असता, किंवा न विचारता, किंवा निष्काळजीपणाने एकाने नुकसान केले, तर ते त्याने भरून द्यावे. आणि संकट ओढवले असता ज्याने सर्वांचा माल वाचविला त्याला त्यातला दहावा हिस्सा द्यावा. यज्ञातल्या सोळा ऋत्विजांची दक्षिणा कशी वाटावी हेही मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आले आहे. मुख्य चौघांना जितके, त्याच्या निम्मे पुढल्या चौघांना, एक-तृतीयांश त्यापुढल्यांना आणि चौथाई शेवटच्या चौघांना. टीकाकारांनी शंभर गाईंचा हिशेब करूनही दाखविला आहे: ४८, २४, १६ आणि १२. ही वाटणी आजच्या समतेच्या दृष्टीने पटो वा न पटो, ती सर्वांना आधीपासून ठाऊक होती, एवढे मात्र खरे. मला येथे तो दहावा हिस्सा महत्त्वाचा वाटतो. जो अधिक झिजतो त्याला अधिक मिळावे याला शास्त्रकारांची ना नव्हती. पण किती, ते त्यांनी बोलून ठेवले.

आता प्रवासाकडे वळू. पूर्वी काशीयात्रा म्हणजे घरच्यांचा निरोप घेऊनच निघावयाचे. वाटेत चोर, नद्यांना पूर, आणि क्षेत्राच्या ठिकाणी यात्राकर. अकबराने १५६३ साली यात्राकर उठविला होता, पण पुढे तो पुन्हा बसला. प्रयाग, गया व पुरी येथला कर तर इंग्रजांच्या कंपनी सरकारनेही कित्येक वर्षे खाल्ला आणि १८४० साली सोडला. अशा काळात साध्या माणसाने यात्रा करावयाची तर कुणा मोठ्याच्या स्वारीबरोबर जाणे हाच स्वस्त आणि निर्धास्त मार्ग होता. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली उत्तरेच्या यात्रेस निघाल्या आणि पुढल्या वर्षी परतल्या. राजपूत राजांनी त्यांचा सन्मान केला, मोगल सरदारांनी वाट सुरक्षित ठेविली, यात्राकराची माफी मिळाली. १७६० साली भाऊसाहेबांची फौज उत्तरेत गेली तेव्हाही फौजेच्या आधाराने पुष्कळ यात्रेकरू निघाले होते. त्यांत बायकाही होत्या. फौजेचे संरक्षण त्यांना फुकट मिळाले आणि १७६१ साली पानिपतावर फौजेची जी गत झाली तीत त्यांचाही वाटा आला. अशा प्रवासात वर्गणीचा प्रश्नच नव्हता. यजमान देईल ते घ्यावयाचे आणि यजमान ठेवील तिथे उतरावयाचे. तक्रार कोण कुणाकडे करणार?

स्वारीबरोबर जाण्याचे भाग्य नसलेल्यांना दुसरा मार्ग होता तो पंड्यांच्या माणसांचा. हंटर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७२ साली ओरिसावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पुरीच्या पंड्यांचे हस्तक बंगालातल्या गावोगाव फिरून यात्रेकरूंचे तांडे कसे जमवीत याचे वर्णन आहे. या तांड्यांत बहुसंख्य बायका असत, हे वाचून मी चमकले. घरची कामे आटोपल्यावर दुपारी तो माणूस अंगणात येई, जगन्नाथाचे माहात्म्य सांगे, आणि बायका आपापली पुंजी बांधून त्याच्यामागे निघत, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. तो माणूस स्वतः त्यांच्याबरोबर चालत असे. त्याचा निर्वाह, त्याचा लाभ आणि क्षेत्रात पोहोचल्यावर पंड्याची दक्षिणा, हे सारे त्या बायकांच्याच पदरच्या गाठीतून निघे. किती निघणार, हे मात्र निघताना कुणी सांगत नसे. सहल काढणाऱ्याची फुकट जागा ही अशी फार जुनी आहे.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर आपल्याला फार लांब जावयास नको. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट दर आषाढीला लाखो माणसे चालतात. जगातल्या कुठल्या प्रवासी कंपनीला हे जमेल असे मला वाटत नाही. तुकाराममहाराजांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन आळंदीला यावयाचे आणि तेथून ज्ञानोबांच्या पादुकांसह पंढरीला जावयाचे, अशी ती एकच पालखी होती. शंभराहून अधिक वर्षे ती तशी चालली. पुढे १८३०च्या सुमारास घराण्यातल्या हक्कांवरून व मानपानावरून वाद झाला आणि दोन पालख्या स्वतंत्र निघू लागल्या, असे सांगितले जाते. हा इतिहास मी वर्गात शिकवीत असे तेव्हा एखादी मुलगी हमखास विचारी, “बाई, संतांच्या घरीसुद्धा?” मी म्हणे, संतांच्या घरीसुद्धा माणसेच राहतात.

ज्ञानेश्वरमहाराजांच्या स्वतंत्र पालखीला आजची शिस्त दिली ती हैबतबाबा आरफळकर यांनी. सातारा भागातल्या आरफळचे हे गृहस्थ शिंद्यांच्या दरबारी सरदार होते. फौजेत राहिलेल्या माणसाला ठाऊक असते की मोठा जमाव चालतो तो नुसत्या भक्तीवर चालत नाही. त्याला मुक्काम ठरलेले लागतात, क्रम ठरलेला लागतो. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून घोडे व तंबू आले, दिंड्यांचे क्रम लागले. रथापुढे कोणती दिंडी आणि रथामागे कोणती, हा मान ठरलेला आहे. दरवर्षी नव्याने भांडावे लागत नाही.

या वारीतल्या दोन गोष्टी मला आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाच्या वाटतात. पहिली भिशी. आपण महिन्याला जमून चिठ्ठी काढतो तिला भिशी म्हणतो; पण वर्गणीतून चालविलेले एकत्र जेवण हाही त्या शब्दाचा जुना अर्थ आहे आणि दिंडीत तो अजून जिवंत आहे. दिंडीबरोबर जाणारा वारकरी निघण्यापूर्वी भिशी भरतो. त्यात जेवण आले, तंबू आला, सामान वाहणारी मालमोटार आली, पाण्याचा टँकर आला. माझी आत्या ज्या दिंडीत जात असे तिथे पूर्वी काही बायका पैशांऐवजी ज्वारी आणून देत आणि ती मापून भिशीत धरली जाई. विणेकरी, पखवाजी आणि स्वयंपाकाला राबणाऱ्या दोघी यांच्याकडून भिशी घेत नसत. ही माफी सर्वांना ठाऊक होती. निघण्याच्या आदल्या दिवशी दिंडीचे महाराज ती मोठ्याने सांगत. आत्या म्हणे, “त्या दोघी पहाटे तीनला उठतात, आम्ही चारला. त्या एका तासाची भिशी माफ.” ज्यांना काहीच भरता येत नसे त्यांच्यासाठी वाटेवरच्या गावांतले अन्नदाते असत. एखाद्या गावी कुणी पंगत घाली, त्या दिवसाचा शिधा वाचे आणि तो वाचलेला शिधा अशांच्या ताटात जाई. ती माणसे कोण, हे कुणी विचारीत नसे.

दुसरी गोष्ट समाजआरतीची. पालखी तळावर आली की दिंड्या सभोवार उभ्या राहतात. टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. मग चोपदार आपला चोप उंच करतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीला काही गाऱ्हाणे असेल ती टाळ थांबवीत नाही, वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, काय झाले ते ऐकून घेतो, आणि त्याची दाद लागल्यावरच ते टाळ शांत होतात. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात. त्यानंतर आरती. म्हणजे देवाची आरतीसुद्धा माणसांच्या तक्रारी ऐकल्याखेरीज होत नाही! आणि तक्रार कानात कुजबुजून करावयाची नाही, सर्वांसमक्ष टाळ वाजवून करावयाची. आपल्या सहलीच्या बसमध्ये याच्या अगदी उलट चालते, हे मी वेगळे सांगावयास नको.

वारीत सारेच गोड होते असे मात्र कुणी समजू नये. इरावतीबाई कर्वे यांनी आपल्या वारीचा अनुभव ‘वाटचाल’ या लेखात लिहिला. तो ‘परिपूर्ती’ या १९४९च्या पुस्तकात आहे. त्यांच्या दिंडीत चालणे एकत्र होते, भजन एकत्र होते, पण ब्राह्मण आणि मराठा बायकांच्या चुली वेगळ्या व पंगतीही वेगळ्या होत्या. इरावतीबाईंना ते बोचले. त्या मराठा बायकांच्या पंगतीला जाऊन जेवल्या आणि त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळेपणाने बोलू लागल्या. वाटखर्च सारखा भरूनही पान निराळे असू शकते, हे लक्षात घेतले पाहिजे. हिशेबाच्या वहीत ते दिसत नाही.

आज ज्याला आपण सहल म्हणतो, म्हणजे एकरकमी पैसे भरावयाचे आणि जाणे-येणे, राहणे सारे कंपनीने पाहावयाचे, तिचा उगम मात्र इंग्लंडात झाला. टॉमस कुक हा मूळचा सुतारकाम करणारा, पुढे छापखाना चालविणारा आणि दारूबंदीचा कट्टर प्रचारक. त्याने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरो या गावी दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली. डबे उघडे होते. जाण्यायेण्याचे दर माणशी एक शिलिंग. सर्वांना एकच दर, आणि तो आधी जाहीर केलेला. १८४५ साली त्याने लिव्हरपूलची पहिली धंद्याची सहल काढली तेव्हा पहिल्या वर्गाला १५ शिलिंग आणि दुसऱ्याला १० असे भाडे ठेविले. तो स्वतः आधी त्या मार्गाने जाऊन सारे पाहून आला आणि प्रवाशांसाठी त्याने एक माहितीपुस्तिका छापली. त्याची मिळकत रेल्वे कंपन्यांकडून मिळणाऱ्या दलालीतून येई. एवढी माणसे मी तुम्हाला आणून देतो, तुम्ही मला काय देता, हा त्याचा रेल्वेशी सौदा. आपल्या आजच्या फुकट जागेचा हा आजोबाच म्हणावयाचा.

कुकची एक गोष्ट मला विशेष आवडते. १८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले. कारखान्यांतल्या मजुरांना ते पाहावयाचे होते, पण एकदम पैसे कुठून आणावयाचे? तेव्हा गावोगाव बचतमंडळे निघाली. आठवड्याला थोडे थोडे भरावयाचे आणि रक्कम पुरी झाली की तिकीट घ्यावयाचे. कुकने अशा दीड लाखावर माणसांना लंडन दाखविले. १८६३ साली त्याने स्वित्झर्लंडची सहल काढली. तीत जेमायमा मॉरेल नावाची यॉर्कशायरची तरुणी होती. तिने त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली आणि ती शंभर वर्षांनी, १९६३ साली, छापून निघाली. त्या काळी कुलीन घरच्या बाईला एकटीने परदेशी जाणे शोभत नसे. कुकच्या मेळ्याबरोबर मात्र जाता येई. एकत्र जाण्याचा लाभ नुसता भाड्याचा नसतो, मुभेचाही असतो. हे आपल्या मंडळातल्या कितीतरी जणींना न सांगता समजेल. आपल्या पहिल्या सहलीला “मंडळाबरोबर जातेय ना, मग जा” असे किती घरांतून ऐकू आले होते!

१८६८ पासून कुकने हॉटेलांची कुपने काढली, म्हणजे खोलीचे व जेवणाचे पैसेही आधीच ठरले. १८८६ साली हिंदुस्थान सरकारने हाजी यात्रेकरूंची व्यवस्था त्याच्या कंपनीकडे सोपविली. मुंबई बंदरात दलालांकडून यात्रेकरूंची होणारी नागवण थांबावी हा त्यातला हेतू होता. पण जहाजमालक आणि दलाल यांचे जुने साटेलोटे मोडणे त्या कंपनीलाही साधले नाही आणि १८९३ साली ते काम सुटले. पुढे ती विलायती कंपनीही सप्टेंबर २०१९ मध्ये बुडाली आणि दीड लाखाच्या आसपास इंग्रज प्रवासी परदेशी अडकून पडले. सरकारने विमाने पाठवून त्यांना घरी आणले. (आपल्याकडे त्या नावाने चालणारी कंपनी वेगळी आहे, तेव्हा कुणी घाबरू नये.)

इतके सारे सांगितल्यावर आता घरच्या गोष्टीकडे वळते. काही वर्षांपूर्वी आपण हंपी-बदामीला गेलो. सोबत नेणाऱ्या कंपनीची रीत अशी की वीस जणींनी पैसे भरले की एक जागा फुकट. आपण बेचाळीस जणी होतो. म्हणजे चाळीस जणींनी प्रत्येकी ९,५०० रुपये भरले आणि दोघी फुकट आल्या. त्या दोघी म्हणजे सहलीची जुळवाजुळव करणाऱ्या. ही गोष्ट कार्यकारिणीत बोलली गेली नव्हती. होस्पेटला रात्री जेवताना कंपनीच्या माणसाने ती सहज बोलण्याच्या ओघात सांगितली, आणि वाढलेली पाने तशीच राहिली. पुढचे दोन दिवस बसमध्ये दोन तट पडले. विरुपाक्षाच्या देवळाचे गोपूर एका तटाने डावीकडून पाहिले आणि दुसऱ्याने उजवीकडून!

मी तेव्हा कागद घेऊन हिशेब केला. ३,८०,००० रुपये बेचाळीस जणींत वाटले तर प्रत्येकीला सुमारे ९,०४८ रुपये पडतात. म्हणजे प्रत्येकीचे ४५२ रुपये जास्त गेले. ४५२ रुपयांसाठी कुणाचे घर बुडत नाही. पण त्या दोन जागा मिळाल्या त्या चाळीस डोकी मोजून मिळाल्या होत्या. कंपनीने कुणा एकीचे तोंड पाहून त्या दिल्या नव्हत्या. दुसरी बाजूही खरी होती. त्या दोघींनी दोन महिने टेलिफोन केले, हॉटेलांशी घासाघीस केली, कुणाला गाडी लागते, कुणाला जिने चढवत नाहीत, कुणाचा उपास कोणत्या वारी, याच्या याद्या केल्या, आणि ऐन वेळी गळालेल्या तिघींच्या जागी तिघी शोधून आणल्या. त्यांनी काही घेतलेच नसते तर ते आपल्याला शोभले असते काय? मला नाही वाटत.

पुढल्या सर्वसाधारण सभेत या गोष्टीचा निकाल लागला. फुकट जागांचे पैसे सर्वांत वाटावयाचे, सहल काढणाऱ्यांचा टेलिफोन-रिक्षाचा खर्च पावत्यांप्रमाणे द्यावयाचा आणि त्यांच्या वर्गणीत काही सूट द्यावयाची, इथवर सर्वांचे जमले. सूट किती, यावर तास गेला. तेव्हा मी याज्ञवल्क्याचा दहावा हिस्सा पुढे केला. काही जणी हसल्या, पण ठराव झाला. तेव्हापासून पत्रकात छापलेले असते: जबाबदारी घेणाऱ्या दोघींना वर्गणीत दशमांश सूट. बसमधल्या पुढच्या जागा रोज फिरत्या केल्या. गाडी लागणाऱ्यांना कायमची पुढची जागा द्यावी अशी सूचना होती. परंतु त्या वर्षी गाडी लागणाऱ्यांची संख्या एकाएकी चौदावर गेल्याने ती बारगळली. खोलीत विषम संख्या आली तर एकटीच्या खोलीचा जादा भार सर्वांवर. नाव मागे घेतल्यास बदली माणूस देणाऱ्याला पैसे परत, एरवी जेवढे कंपनी परत देईल तेवढे. होडीत बसणार नाही, रात्री जेवत नाही, म्हणून वजावट मागावयाची नाही. हे शेवटचे कलम मला फारसे पटलेले नाही. पण चपात्या मोजत बसण्यापेक्षा बरे.

मात्र या निकालाची एक किंमत होती, आणि तिच्याविषयी कुणी बोलत नाही म्हणून मी लिहिते. फुकट आलेल्या त्या दोघींपैकी एकीची परिस्थिती त्या वर्षी फार ओढगस्तीची होती. जुळवाजुळवीचे कष्ट तिने आनंदाने केले, कारण तिला सहलीला येण्याचा तेवढाच मार्ग होता. दशमांश सुटीने तिचा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. पुढल्या दोन सहलींना ती आली नाही. “गुडघे दुखतात,” म्हणाली. नियम बरोबर होता आणि तो करताना आम्ही एक बाई गमावली. तिसऱ्या वर्षी खजिनदारबाईंनी एक युक्ती काढली. सहलीची वर्गणी दहा महिन्यांवर पसरली, कुकच्या बचतमंडळांसारखी. शिवाय सहलीत उरलेली शिल्लक आणि कुणी खुशीने दिलेली रक्कम यांचा वेगळा डबा केला. त्या डब्यातून कुणाला किती दिले हे फक्त खजिनदारबाईंना ठाऊक असते; जमाखर्चात एकूण रक्कम दाखविली जाते, नावे नाहीत. यावरही टीका झालीच. उघड हिशेबाचा ठराव मांडणाऱ्या तुम्हीच आता झाकलेला डबा कसा चालवून घेता, असे मला एकीने विचारले. मी तिला आत्याच्या दिंडीतल्या पंगतीची गोष्ट सांगितली. तिचे समाधान झाले की नाही ते कळले नाही, पण पुढल्या महिन्यात डब्यात शंभराच्या दोन नोटा जास्त निघाल्या. गुडघे दुखणारी मैत्रीण त्या वर्षी गणपतीपुळ्याला आली. डब्यातून आली की हप्त्यांनी, ते मी विचारलेले नाही.

आता नवा प्रश्न उभा आहे. पुणे ते नगर ही एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली. त्या एस.टी.ने २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या सर्वांना मोफत प्रवास दिला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व बायकांना निम्मे भाडे केले. (रेल्वेने मात्र अठ्ठावन्न वर्षांपुढच्या बायकांना दिलेली निम्मी सवलत मार्च २०२०मध्ये काढून घेतली. कुणी देते, कुणी नेते!) पैठण-वेरूळची पुढली सहल खाजगी बस न करता नेहमीच्या एस.टी.ने करावी असे घाटते आहे. आपल्यात पंचाहत्तरीपुढच्या सात जणी आहेत. त्यांचे तिकीटच नाही. तर भाड्याची एकूण रक्कम सर्वांत सारखी वाटावी आणि त्या सातजणींकडूनही वाटा घ्यावा, की त्यांची माफी त्यांच्यापाशीच राहू द्यावी?

माझे मत असे की हंपीची फुकट जागा आणि ही माफी यांत फरक आहे. ती जागा चाळीस डोक्यांमुळे मिळाली होती. ही माफी सरकारने आजींच्या वयाला दिली आहे. आजी एकट्या गेल्या असत्या तरी त्यांना ती मिळाली असती, तेव्हा तिच्यावर मंडळाचा हक्क कसा? खजिनदारबाईंना हे मान्य आहे. मान्य नाही ते खुद्द कोपऱ्यावरच्या घरच्या आजींना. त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचे म्हणणे, चहा सर्वांबरोबर पिणार, खोली सर्वांबरोबर घेणार, मग भाड्याचाच तेवढा वाटा का भरावयाचा नाही? “मी काय पालखीतली पादुका आहे, की सगळ्यांनी उचलून न्यावे?” असे त्यांनी परवा ओट्यावर बसून सुनावले. उरलेल्या सहाजणींपैकी दोघी आजींच्या बाजूच्या आहेत, तिघी माझ्या, आणि एक म्हणते की तुम्ही ठराल तसे. विषय वार्षिक सभेच्या पत्रिकेवर चौथा आहे. ज्यांचे काही म्हणणे असेल त्यांनी सभेला यावे आणि तिथेच टाळ वाजवावेत.